जुनं मशीन भंगारात घालण्याआधी

ऑक्टोबर २०२५ नंतर मला येणाऱ्या फोनचा सूर बदलला. आधी लोक विचारायचे, "दादा, नवीन लॅपटॉप कुठला घेऊ?" आता विचारतात, "घेतलाय हो नवीन, पण त्यात आपलं फोटोशॉप सेव्हन चालंना." कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे स्टुडिओत दहा-बारा वर्षं निमूटपणे राबलेली मशिनं एकदम निवृत्तीला आली. मशीन बदललं, पण हात तोच राहिला. वीस वर्षं एकाच मेनूत फिरलेली बोटं नव्या प्रोग्रॅममध्ये आंधळ्यासारखी चाचपडतात, आणि लग्नसराई काही थांबत नाही.

आमच्याकडच्या एका स्टुडिओवाल्या काकांनी याच गडबडीत जुना सीपीयू भंगारवाल्याला देऊन टाकला. नवं मशीन आलं, फोटोशॉप कसंबसं चढलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की 'स्किन', 'मेहंदी', 'रात्रीची वरात' अशी नावं दिलेल्या त्यांच्या सगळ्या ॲक्शन्स त्या डब्याबरोबर गेल्या. सुदैवाने डबा न्यायच्या आधी त्यांच्या मुलाने हार्ड डिस्क काढून ठेवली होती. तिच्याकडे शेवटी येतोच. पण या कामाचं मर्म त्या प्रसंगात आहे: जुनं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालवायचं म्हणजे निम्म्याहून जास्त काम जुन्या मशीनवरच करायचं असतं, आणि नेमकं तेच आपण विसरतो.

आधी हे बघा की तुमच्याकडे आहे काय. हेल्प मेनूत 'अबाउट फोटोशॉप' वर टिचकी मारली की आवृत्ती दिसते. फोटोशॉप ७ आलं २००२ साली. त्याला फक्त सिरियल नंबर लागायचा. पुढच्याच आवृत्तीपासून, म्हणजे २००३ च्या सीएसपासून, विंडोजवर ॲक्टिव्हेशन आलं: सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला विचारणार, तो 'हो' म्हणाला तरच पुढे चालणार. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या स्टुडिओंत सेव्हन का टिकून राहिलं याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं की ते जुन्यापुराण्या मशीनवरही डोळ्याचं पातं लवेपर्यंत उघडतं.

सीएस२ आणि सीएस३ वाल्यांना मात्र कटू गोष्ट आधीच सांगतो. त्यांना 'हो' म्हणणारे सर्व्हर ॲडोबीने बंद केले. मूळ सीडी आहे, डबा आहे, बिलही आहे, तरी नव्या मशीनवर नव्याने ॲक्टिव्हेट होत नाही. सीएस२ चे सर्व्हर बंद केले तेव्हा कंपनीने ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत आणि सिरियल नंबर उपलब्ध करून दिले होते. ते ज्यांच्याकडे आधीच परवाना आहे त्यांच्यासाठी होतं. 'ॲडोबीने फोटोशॉप फुकट वाटलं' ही बातमी तेव्हा इकडून तिकडे फिरली आणि अजूनही फिरते. ती चुकीची आहे. ज्या परवानाधारकांनी तेव्हा ती प्रत उतरवून ठेवली, ते आज सुखी आहेत.

सीएस६ हे २०१२ चं, एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं फोटोशॉप. २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या वर्गणीवर गेल्या. सीएस६ चा परवाना दोन मशिनांवर चालतो, आणि जुनं मशीन मोडीत काढलं तरी सर्व्हरच्या खात्यात ते मांडलेलंच राहतं. म्हणून जुनं मशीन चालू आहे, नेट आहे, तोवर हेल्प मेनूत जाऊन 'डिॲक्टिव्हेट' करा. फॉरमॅट मारल्यावर हे करता येत नाही.

आणि 'क्रॅक'? नव्या मशीनवर फोटोशॉप हवं म्हणून कुठल्यातरी साइटवरून उतरवलेल्या फाइलने अल्बमचं सगळं फोल्डर कुलूपबंद केलेलं मी एकदा बघितलं आहे. नवरा-नवरीला काय सांगायचं, हा प्रश्न त्या मुलाने मला विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या मशीनवर एक दुपार

एक मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि दुकान बंद असेल तेव्हा बसा.

पहिल्या ॲक्शन्स. ॲक्शन्स पॅलेटमध्ये आतल्या एखाद्या ॲक्शनवर न थांबता बाहेरचा संच निवडा. संच निवडला असेल तरच कोपऱ्यातल्या बाणाच्या मेनूतलं 'सेव्ह ॲक्शन्स' उजळतं. फाइल एटीएन या प्रकारात जाते. हेच 'सेव्ह ॲक्शन्स' कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून निवडलंत तर सगळ्या पायऱ्या साध्या मजकुरात लिहून निघतात. ती फाइल फोटोशॉपला परत घालता येत नाही, पण उद्या दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये तोच परिणाम हाताने बांधायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. मी तो प्रत्येकाला काढून ठेवायला लावतो.

मग ब्रश, पॅटर्न, स्टाइल, ग्रेडियंट, कस्टम शेप. या प्रत्येकाच्या छोट्या मेनूत 'सेव्ह' असतं. कलर सेटिंग्जच्या खिडकीतही 'सेव्ह' आहे. तुमच्या लॅबने सांगितलेलं प्रोफाइल तिथे बसवलेलं असेल तर ती फाइलही घ्या. लॅबने दिलेलं आयसीसी प्रोफाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात 'स्पूल', 'ड्रायव्हर्स', 'कलर' अशा वाटेने सापडतं. नव्या मशीनवर त्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल' म्हटलं की झालं. प्लगइन वापरत असाल तर प्लग-इन्स फोल्डरातल्या फाइलींची यादी करा. त्यांचे मूळ इन्स्टॉलर आणि सिरियल नंबर कुठे आहेत ते तेव्हाच शोधा, कारण कित्येक प्लगइन नुसते उचलून टाकले की चालत नाहीत.

आता सीडी. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतोच. जुन्या मशीनच्या ड्राइव्हमध्ये सीडी घालून तिची आयएसओ फाइल करा. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की सीडी घातल्यासारखीच ती उघडते. सीडी वाचताना ड्राइव्ह घरघर करून अडखळत असेल तर तिच्या चकचकीत बाजूवर पांढरट डाग पडलेत का बघा. मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका.

एक गोष्ट करू नका: सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समधलं ॲडोबीचं फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकणं. रिपेअरवाला पोरगा हमखास हेच करतो. सीएस३, सीएस४ च्या बाबतीत याचं फळ म्हणजे 'लायसन्सिंग फॉर धिस प्रॉडक्ट हॅज स्टॉप्ड वर्किंग' हा निरोप, सोबत १५०:३० असा आकडा. परवान्याची नोंद त्या फोल्डरात नसते. ती विंडोजमध्ये दुसरीकडे असते आणि मशीनच्या ओळखीशी बांधलेली असते.

नव्या मशीनवर

स्वस्तातला लॅपटॉप असेल तर आधी सेटिंग्जमध्ये विंडोज 'एस मोड' मध्ये तर नाही ना, ते पाहा. एस मोडमध्ये फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधले प्रोग्रॅम चालतात, बाहेरची सेटअप फाइल चालतच नाही. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत, पण एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही. आपल्याला जायचंही नाही.

विंडोज ११ फक्त ६४ बिटचं आहे. ते ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालवतं, १६ बिटचे चालवत नाही. १९९० च्या दशकातल्या काही सीडींवर गंमत अशी असते की सॉफ्टवेअर ३२ बिटचं आणि ते बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटचा. म्हणजे नवरदेव आला, पण घोडं चालेना. फोटोशॉप ७ आणि त्यापुढच्यांना ही अडचण नाही.

सेटअपवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणा. कुठे बसवायचं असं विचारलं की प्रोग्रॅम फाइल्स हे ठिकाण बदलून सरळ सी ड्राइव्हवर एक फोल्डर द्या, उदाहरणार्थ 'फोटोशॉप७'. कारण असं: एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज, फिल्टरच्या फाइली प्रोग्रॅम फाइल्समध्येच बिनधास्त लिहायचे. व्हिस्टापासून विंडोजने तिथे लिहायला मनाई केली, आणि जुन्या प्रोग्रॅमची समजूत काढायला एक छुपी जागा केली: 'व्हर्च्युअल स्टोअर'. प्रोग्रॅमला वाटतं फाइल आपल्याच घरात लिहिली, प्रत्यक्षात ती ॲपडेटाच्या आत तिसरीकडेच जाते. मग तुम्ही प्लगइनच्या फोल्डरात शोधता, फाइल दिसत नाही, आणि फोटोशॉपला मात्र दिसते. हा भुताटकीचा खेळ टाळायला वेगळं फोल्डर बरं.

सेटअपच उघडत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'कम्पॅटिबिलिटी' नावाचा टॅब आहे, तिथे विंडोज एक्सपी निवडून बघा. पण उठसूट तिथे टिक मारत बसू नका. फोटोशॉप ७ मला बहुतेक वेळा काहीही न निवडता चाललेलं दिसलं आहे, आणि उगाच मारलेली टिक पुढे वेगळंच दुखणं काढते.

पहिल्यांदा उघडताना जो निरोप सगळ्यात जास्त येतो तो स्क्रॅच डिस्कचा: स्क्रॅच फाइल उघडता आली नाही, फाइल लॉक आहे किंवा तुम्हाला अधिकार नाहीत. फोटोशॉप रॅम कमी पडली की डिस्कवर तात्पुरती फाइल लिहितं, आणि जुनी आवृत्ती ती ड्राइव्हच्या अगदी दारात, म्हणजे 'सी' च्या मुळाशी लिहायला जाते. तिथे आता तिला परवानगी नाही. सगळे सांगतात तो उपाय म्हणजे आयकॉनवर कायमचं 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' लावून टाका. चालतं, पण किंमत मोजावी लागते. असं उघडलेल्या फोटोशॉपमध्ये फोल्डरातून फोटो ओढून टाकता येत नाही; माउस सोडला तरी काहीच होत नाही. नेटवर्कवरचा 'झेड ड्राइव्ह' सुद्धा ओपनच्या खिडकीतून गायब होतो. फोटो ओढणं अडतं ते विंडोज वरच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला खालच्या अधिकाराच्या प्रोग्रॅमकडून काही घेऊ देत नाही म्हणून. दिवसाला चारशे फोटो ओढून टाकणाऱ्याला हे परवडत नाही.

त्यापेक्षा डी ड्राइव्ह असेल तर आयकॉनवर डबल क्लिक केल्याकेल्या कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा. स्क्रॅच डिस्क विचारणारी खिडकी येते, तिथे पहिल्या जागी डी निवडा. त्या ड्राइव्हवर लिहायला सहसा ॲडमिनिस्ट्रेटर लागत नाही. नवीन लॅपटॉपमध्ये बहुधा एकच ड्राइव्ह असतो. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये सी आकसवून पन्नास-साठ जीबीचा डी काढता येतो. त्याआधी बॅकअप घ्या, हे सांगायला नको, तरी सांगतो. सेटिंग्जच बिघडल्यासारखी वाटली तर उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट तिन्ही धरा. जुन्या सेटिंग्ज पुसू का असं फोटोशॉप विचारेल.

रॅमबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. "सोळा जीबी घातली तरी सेव्हन स्लोच" अशी तक्रार मी ऐकतो. फोटोशॉप ७ ला दोन जीबीपलीकडची रॅम वापरताच येत नाही. बारा बाय छत्तीसचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला धरलं तर ३६०० गुणिले १०,८०० पिक्सेल होतात. एका भरलेल्या लेयरला साधारण ११७ एमबी. दहा-बारा लेयर, वर पूर्ववत करण्यासाठीची हिस्टरी, की दोन जीबी भरलेच. म्हणून रॅमवर पैसे घालण्यापेक्षा स्क्रॅच डिस्क एसएसडीवर आहे ना ते बघा, आणि हिस्टरीच्या पायऱ्या कमी ठेवा. मोठी पानं रोज करायची असतील तर सीएस४ ते सीएस६ हाच मार्ग. ६४ बिटच्या विंडोजवर ती ३२ आणि ६४ अशा दोन्ही रूपांत बसतात. ६४ वालं तुमची सगळी रॅम वापरतं, पण त्यात जुने ३२ बिटचे प्लगइन आणि स्कॅनरचा जुना ट्वेन ड्रायव्हर दिसत नाही. ते हवे असतील तर तेवढ्यापुरतं ३२ बिटचं उघडायचं.

सीएस६ वर नव्या विंडोजमध्ये एक विनोदी चूक येते. परफॉर्मन्सच्या पानावर जाल तर फोटोशॉप सांगतं, '९६ आणि ८ यांच्या मधला पूर्णांक द्या'. असा आकडा कुठून आणायचा? विंडोजने सांगितलेली रॅम फोटोशॉपला वाचता येत नाही, म्हणून हा घोळ. रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट यूजर, सॉफ्टवेअर, ॲडोबी, फोटोशॉप असं जाऊन आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरात 'ओव्हरराइड फिजिकल मेमरी एमबी' हे इंग्रजी शब्द सलग जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून एक ड्वर्ड नोंद करायची, आणि दशमान पद्धतीत तुमच्या रॅमपेक्षा थोडा कमी आकडा द्यायचा. सोळा जीबीला १४,००० चालतो. रजिस्ट्रीत हात घालायची भीती वाटत असेल तर कोणा जाणत्याला बसवा. इथे चुकून दुसरं काही उडालं तर विंडोज रुसतं.

ग्राफिक कार्डचा नवा ड्रायव्हर आणि सीएस४ नंतरची आवृत्ती यांचं कधीकधी जमत नाही: झूम केलं की पडदा काळा, किंवा फोटोशॉप आपोआप बंद. परफॉर्मन्समधली ग्राफिक कार्ड वापरण्याची टिक काढा. पेन टॅबलेट वापरताना पहिली रेघ उशिरा उमटत असेल, भोवती गोल रिंगण येत असेल, तर टॅबलेटच्या सेटिंग्जमध्ये 'विंडोज इंक' बंद करा.

नव्या लॅपटॉपचा पडदा बारीक पिक्सेलांचा असतो, आणि जुन्या फोटोशॉपला ते माहीत नसतं. मेनू मुंग्यांच्या रांगेसारखा दिसतो. चाळिशी लागलेल्याने काम कसं करायचं? फोटोशॉपच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथे सर्वांत खालची टिक मारून 'सिस्टम' निवडा. मेनू, टूल मोठे होतात. पण त्याबरोबर फोटोही मोठा करून दाखवला जातो आणि जरा मऊ दिसतो. शार्पनेस तपासताना याचं भान ठेवा, नाहीतर उगाच दुप्पट शार्प करून लॅबला पाठवाल. मी स्वतः दुसरा, साध्या फुल एचडीचा चोवीस इंची मॉनिटर जोडतो आणि ही भानगडच ठेवत नाही.

'चि.' आणि 'चि. सौ. कां.'

आता खरी अडचण. ही इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याच मदतीत सापडत नाही.

काकांच्या नव्या मशीनवर पहिलं जुनं पीएसडी उघडलं तेव्हा मी शेजारीच होतो. पिवळा त्रिकोण, आणि एक निरोप: काही टेक्स्ट लेयरमधले फॉन्ट सापडत नाहीत. काकांनी सवयीने 'ओके' केलं, टाइपचं टूल उचललं आणि नवरीच्या नावावर टिचकी मारली. फॉन्ट बदलू का, असं विचारणारी खिडकी आली, तिलाही 'ओके'. नाव होतं तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी झाली. "हे कुठल्या भाषेत लग्न लागलं?" काकू मागून म्हणाल्या.

झालं असं की श्रीलिपीसारखे जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत देवनागरी आकार बसवतात. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालतो. फॉन्ट नाही, तर कपडे नाहीत. म्हणून नियम एकच: फॉन्ट बसवेपर्यंत टेक्स्ट लेयरला हात लावू नका, आणि चुकून लावलात तर फाइल सेव्ह न करता बंद करा. हात न लावलेल्या लेयरवर जुनं चित्र तसंच टिकून असतं.

फॉन्ट बसवतानाही एक खोच आहे. विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून फॉन्टवर राइट क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो फक्त तुमच्या खात्यापुरता, ॲपडेटाच्या आत बसतो. वर्डमध्ये दिसतो, फोटोशॉप ७ मध्ये दिसत नाही. माणूस तीनदा बसवतो, मशीन रीस्टार्ट करतो, शेवटी फॉन्ट खराब आहे असं ठरवतो. 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. विंडोज ११ मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स' च्या मागे दडलेला असतो. आधी चुकीचा बसवला असेल तर तो काढून मग बसवा. तुमच्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक असेल तर त्याचा जुना ड्रायव्हर विंडोज ११ अडवू शकतं. फॉन्ट असूनही टायपिंग होत नसेल तर तिकडे बघा आणि ज्याने विकलं त्याच्याकडून नवा ड्रायव्हर मागा.

मग युनिकोड का नाही, असं तरुण मुलं विचारतात. मोबाइलवर आलेला निमंत्रणाचा मजकूर सरळ चिकटवायचा, काम संपलं. फोटोशॉप ७, सीएस२, सीएस३ यांना देवनागरी जुळवता येत नाही. ती अक्षरं फाइलमधल्या क्रमाने एकापुढे एक मांडतात. ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी, हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. मग 'किरण' वाचताना 'करिण' होतो, आणि 'प्रकाश' मधला 'प' पाय मोडून वेगळा उभा राहतो. पत्रिकेवरचा पहिलाच शब्द 'चि.', तिथेच वेलांटी उजवीकडे सटकून टिंबावर आडवी पडते. वर्गणीवरच्या नव्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आली आहे, जुन्यांत ती घालता येत नाही.

यावर मी करतो ते असं: मजकूर इंकस्केपमध्ये लिहितो. ते मोफत आहे, देवनागरी बिनचूक जुळवतं आणि मजकूर हवा तसा सजवू देतं. तिथून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी ३०० डीपीआयला काढायची, फोटोशॉपमध्ये उघडायची आणि मूव्ह टूलने ओढून अल्बमच्या पानावर आणायची. नाव बदललं तर परत इंकस्केपमध्ये जावं लागतं, एवढाच त्रास. म्हणून ती मूळ फाइल पीएसडीच्या शेजारी त्याच नावाने ठेवा.

नवे कॅमेरे, नवे फोन

सॉफ्टवेअर जुनं आणि कॅमेरा नवा, ही जोडीही कुरकुर करते. कच्च्या फाइली उघडणारा कॅमेरा रॉ हा भाग प्रत्येक नव्या कॅमेऱ्यासाठी सुधारावा लागतो, आणि सीएस६ साठी तो ९.१.१ वर थांबला. नंतर आलेल्या कॅमेऱ्याची फाइल सीएस६ ओळखत नाही. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कम्पॅटिबिलिटी तुमच्या जुन्या कॅमेरा रॉच्या आवृत्तीप्रमाणे निवडा आणि सगळं फोल्डर एका वेळी बदलून घ्या. लग्नाच्या कार्डवर दोन हजार फाइली असतात, तेव्हा हे रात्री लावून झोपा.

आयफोनवरून आलेले एचईआयसी फोटो जुनं फोटोशॉप उघडत नाही. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधल्या 'फॉरमॅट्स' मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगा, पुढचे फोटो जेपीजीत येतील. आधी काढलेले बदलून घ्यावे लागतील.

मॅकवाल्यांचं थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२ बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं. सीएस६ चं फोटोशॉप स्वतः ६४ बिटचं आहे, पण त्याचा इन्स्टॉलर ३२ बिटचा, म्हणून ते नव्या मॅकवर नव्याने बसतच नाही. मोहावी किंवा त्याआधीचा जुना मॅक असेल तर तो जपा.

कशानेच जमेना तर शेवटचा रस्ता व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे. त्यात विंडोज ७ किंवा एक्सपी बसवायचं (त्याचाही परवाना हवा) आणि आत जुनं फोटोशॉप. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला आणि ७ चा २०२० मध्ये, म्हणून आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवायचं आणि फाइली शेअर्ड फोल्डरमधून ने-आण करायच्या. रंग तपासायला हे मला भरवशाचं वाटत नाही. जुन्या फाइली उघडून जेपीजी काढायला मात्र पुरेसं आहे.

सीएस२-सीएस३ चं ॲक्टिव्हेशन अडकलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्यात आठवडा घालवू नका. गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया, दोन्हीत तुमचं एक अवघड पीएसडी उघडून बघा. मोठ्या पानांना गिंप बरं, झटपट कामाला फोटोपिया. लेयर स्टाइल काही ठिकाणी जशाच्या तशा येत नाहीत. युनिकोड मराठी गिंपमध्ये सरळ लिहिता येतं, आणि एवढ्यावरच दोन पोरं तिकडे वळलेली मी बघितली आहेत.

राहिली काकांची डिस्क. बाजारातून साटा-यूएसबी केबल आणली आणि डिस्क नव्या लॅपटॉपला जोडली. डिस्क जुन्या विंडोज एक्सपीची होती, म्हणून वाट अशी: डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, काकांचं नाव, ॲप्लिकेशन डेटा, ॲडोबी, फोटोशॉप, ७.०. ॲप्लिकेशन डेटा हे फोल्डर लपलेलं असतं. व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स' ला टिक मारली तेव्हा दिसलं. 'परवानगी नाही' म्हणाला, तिथे 'कंटिन्यू' केलं. आत सेटिंग्जच्या फोल्डरात 'ॲक्शन्स पॅलेट' नावाची फाइल होती. फोटोशॉप बंद ठेवून ती नव्या मशीनवरच्या तशाच फोल्डरात टाकली. ते यूजर्स, नाव, ॲपडेटा, रोमिंग या वाटेने सापडतं. फोटोशॉप उघडलं. 'स्किन', 'मेहंदी', 'रात्रीची वरात', सगळं होतं. फक्त शेवटच्या दिवशी केलेली एक ॲक्शन नव्हती, कारण त्या दिवशी लाइट गेली होती आणि फोटोशॉप या गोष्टी नीट बंद केल्यावरच लिहून ठेवतं.

काका आता रोज संध्याकाळी फोटोशॉप मुद्दाम एकदा बंद करतात आणि जुनी डिस्क त्यांनी लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांशेजारी ठेवली आहे.